चक बेरी यांचे एकमेव अव्वल गाणे : एका चावट तबकडीचे प्रकरण

२१ ऑक्टोबर १९७२ च्या आठवड्यात अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत चक बेरी यांचे नाव पहिल्यांदाच सर्वांत वर छापले गेले. त्याच आठवड्यात त्यांनी सेहेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. रॉक अँड रोलची गिटार कशी वाजवावी, हे ज्यांच्याकडून दोन खंडांतील तरुण पिढी शिकली, त्या माणसाला या जागेसाठी सतरा वर्षे थांबावे लागले. १९५५ चे ‘मेबेलीन’ पाचव्या क्रमांकावर थांबले होते, १९५८ चे ‘जॉनी बी. गुड’ आठव्यावर, आणि त्याच वर्षीचे ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ दुसऱ्यावर. शेवटी शिखर गाठले ते ‘माय डिंग-अ-लिंग’ या गाण्याने. वरवर पाहता हे गाणे आजीने नातवाला दिलेल्या, दोरीत ओवलेल्या चांदीच्या घंटांच्या खेळण्याचे आहे. त्याआडून ते मुलाच्या शिश्नाविषयी आहे, आणि हे आडून बोलणे इतके उघड आहे की ते न कळण्याचे सोंग घेणे हाच विनोदाचा निम्मा भाग ठरतो. पुढच्या आठवड्यात एल्व्हिस प्रेस्ली यांचे ‘बर्निंग लव्ह’ दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले आणि बेरी यांच्या या गाण्यामुळे तिथेच अडले.

हे प्रकरण सहसा लोकांच्या अभिरुचीची थट्टा करण्यासाठी सांगितले जाते: थोर कलावंताच्या थोर रचना मागे राहिल्या आणि पोरकट गाणे पुढे गेले. तक्रार खोटी नाही, पण ती गाण्याबद्दल आहे. लोकांनी विकत घेतली ती तबकडी, आणि तिच्यावर नुसते गाणे नव्हते. कॉव्हेंट्री शहरातल्या एका सभागृहात जमलेल्या लोकांचे एकत्र हसणे, लाजणे आणि ओरडून गाणे त्या तबकडीवर होते. हा फरक लक्षात घेतला, तर या गाण्याची निर्मिती, त्याचे यश आणि त्यावर झालेले वाद यांची संगती अधिक नीट लागते.

वीस वर्षांचा प्रवास

गाणे मुळात बेरी यांचे नाही. न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक, संगीतकार आणि फॅट्स डॉमिनो यांच्या बहुतेक मोठ्या यशांमागचे सहकारी डेव्ह बार्थोलोम्यू यांनी ते १९५२ मध्ये किंग रेकॉर्ड्ससाठी ध्वनिमुद्रित केले. आजी, घंटा, दोरी आणि ध्रुवपद हे सगळे त्या पहिल्या रूपातच आहे. बार्थोलोम्यू यांनी तेच गाणे थोड्या फरकाने ‘लिटल गर्ल सिंग टिंग-अ-लिंग’ या नावाने इम्पीरियल कंपनीसाठी पुन्हा गायले, आणि १९५४ मध्ये त्याच कंपनीकडून ‘द बीज’ या गायकसमूहाने ‘टॉय बेल’ या नावाने ते आणले. त्या काळात कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी निघणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्यांमध्ये द्व्यर्थी गाण्यांची स्वतंत्र परंपराच होती. ही गाणी बारमधल्या ज्यूकबॉक्सवर वाजत आणि रेडिओवर क्वचितच पोहोचत. तीन वेगवेगळ्या नावांनी बाजारात येऊनही या गाण्याने विशेष काही केले नाही, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कारण शब्द तेच होते, श्लेष तोच होता, आणि गाणारेही आपापल्या कामात मुरलेले होते.

बेरी यांनी ते १९६८ मध्ये मर्क्युरी कंपनीच्या ‘फ्रॉम सेंट लुई टू फ्रिस्को’ या अल्बममध्ये घेतले, मात्र घंटेच्या जागी डफ आणून. नावही ‘माय टॅम्बरीन’ असे ठेवले. ही आवृत्ती स्टुडिओतली, नीटनेटकी आणि निरुपद्रवी आहे. ती ऐकताना लक्षात येते की या गाण्यात सांगीतिकदृष्ट्या जवळपास काहीच नाही. चाल बालगीताची, स्वररचना अगदी मोजकी, आणि बेरी यांची ओळख असलेल्या गिटारीला वावच नाही. ज्या माणसाने मोटारी, शाळा, हॅम्बर्गर आणि महामार्ग यांच्यातून अमेरिकेचे नेमके शब्दचित्र उभे केले, त्याच्या लेखणीची एकही खूण इथे सापडत नाही. बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर एकट्याने गायले की हे गाणे मरते. मर्क्युरीच्या काळातील बेरी यांच्या बहुतेक कामांप्रमाणे त्याचीही फारशी दखल कोणी घेतली नाही.

रंगमंचावर मात्र गोष्ट वेगळी होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बेरी यांचे चरितार्थाचे साधन तबकड्या नव्हत्या, दौरे होते. १९६४ नंतर त्यांचे एकही गाणे अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात आले नव्हते. ते एकटेच गिटार घेऊन येत, मानधन कार्यक्रमाआधी हातात घेत, आणि आयोजकाने जमवलेल्या स्थानिक वादकांबरोबर तालीम न करताच उभे राहत. कोणते गाणे कोणत्या पट्टीत आहे हे वादकांनी त्यांच्या हालचालींवरून ओळखायचे. या पद्धतीमुळे त्यांच्या मैफलींचा दर्जा फार खालीवर होत असे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. पण या पद्धतीला एक असे गाणे उत्तम मानवते, ज्यात वादकांचे काम नाममात्र असते आणि सगळी मदार गायकाच्या बोलण्यावर व समोरच्या गर्दीवर असते.

कॉव्हेंट्री, ३ फेब्रुवारी १९७२

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील लँचेस्टर पॉलिटेक्निक, म्हणजे आजचे कॉव्हेंट्री विद्यापीठ, दरवर्षी एक कलामहोत्सव भरवत असे. आदल्या वर्षी याच महोत्सवात, शहरातील बेलग्रेड नाट्यगृहात, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी आपला पहिला रंगमंचीय प्रयोग केला होता. १९७२ च्या महोत्सवात लोकार्नो या नृत्यगृहात एकाच रात्री चक बेरी आणि पिंक फ्लॉइड हा रॉक बँड असा मेळ जुळवलेला होता. समोरचा वर्ग मुख्यतः विद्यार्थ्यांचा: बेरी यांची गाणी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेला, आणि मूळ माणूस प्रत्यक्ष पाहायला आलेला. (हे लोकार्नो पुढे शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय झाले.)

बेरी त्या वेळी ‘द लंडन चक बेरी सेशन्स’ या अल्बमच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये काम करत होते. जुन्या अमेरिकी कलावंतांना लंडनला आणून तिथल्या तरुण रॉक वादकांबरोबर ध्वनिमुद्रित करायचे, हा बेरी यांच्या तबकड्या काढणाऱ्या चेस कंपनीचा तेव्हाचा उपक्रम होता. १९६९ मध्ये कंपनी जीआरटी या टेप बनवणाऱ्या उद्योगाला विकली गेली होती, त्याच वर्षी संस्थापक लिओनार्ड चेस वारले होते, आणि नव्या मालकांना जुन्या नावांवर नवा माल हवा होता. अल्बमची निर्मिती एस्मंड एडवर्ड्स यांची. एक बाजू लंडनच्या पाय स्टुडिओत, फेसेस या बँडचे इयन मॅक्लेगन आणि केनी जोन्स यांच्यासह भरली गेली. दुसरी बाजू कॉव्हेंट्रीच्या मैफलीची. मंचावर बेरी यांच्या मागे वाजवणाऱ्यांत गिटारवादक ओनी मॅकइंटायर आणि ड्रमवादक रॉबी मॅकिंटॉश हे दोन स्कॉटिश तरुण होते. लवकरच ते ॲव्हरेज व्हाइट बँडचे सदस्य म्हणून ओळखले जाऊ लागले. या गाण्यात त्यांना करण्यासारखे फार थोडे होते, आणि त्यांनी ते नेमकेपणाने थोडेच केले.

अल्बमवरील हे गाणे साडेअकरा मिनिटांचे आहे आणि त्यातला मोठा वेळ बेरी गात नाहीत, बोलतात. हे एक लहानपणी शिकलेले साधे बालगीत आहे, असे ते साळसूदपणे सांगतात. हे आपल्या सर्वांच्या मातृसंस्थेचे गीत आहे असेही म्हणतात, म्हणजे समोरच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शाळा-कॉलेजातल्या प्रार्थनेच्या रांगेत उभे करतात. मग ध्रुवपदाची वाटणी होते. एक तुकडा बायकांनी म्हणायचा, दुसरा पुरुषांनी. सुरुवातीला आवाज दबका येतो. लोक हसतात, शेजाऱ्याकडे पाहतात, आणि आपण काय म्हणणार आहोत याचा अंदाज आल्यावर आणखी हसतात. बेरी यांचा स्वर या सगळ्यात वर्गशिक्षकाचा आहे. ते शाबासकी देतात, आवाज कमी पडला तर पुन्हा म्हणायला लावतात, कोणी चुकीच्या जागी किंवा भलत्याच गटाबरोबर गायले तर गाणे न थांबवता त्याला दाद देऊन सामावून घेतात. कडवी येतात तशी मुलाची संकटे वाढत जातात: बागेच्या भिंतीवर चढताना पाय घसरतो, ओढा पोहून जाताना पाण्यात चावरी कासवे फिरत असतात आणि दोन्ही हात खेळणे सांभाळण्यात गुंतलेले असतात. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद गर्दीच्या ताब्यात जाते, आणि दर वेळी ते अधिक मोठे व अधिक बेधडक होत जाते. शेवटच्या कडव्यात बेरी जे गात नाहीत त्यांच्याकडे वळतात आणि ते का गात नसावेत याचे कारण सांगतात. ते कारण असे आहे की त्यानंतर गप्प राहणे गाण्यापेक्षा अधिक लाजिरवाणे ठरते.

हा शेवटचा डाव या गाण्याच्या रचनेतील सर्वांत हुशार भाग आहे, असे मला वाटते. द्व्यर्थी विनोदात श्रोता सहसा सुरक्षित असतो. चावट अर्थ गायकाचा, समजणे फक्त त्याचे. इथे तो अर्थ श्रोत्याच्या तोंडून वदवून घेतला जातो आणि न वदल्यास तोच त्याला चिकटवला जातो. सभागृहातल्या कुणालाही सभ्यतेच्या बाजूला उभे राहण्याची जागा उरत नाही. बेरी हे सगळे करताना स्वतः मात्र अखेरपर्यंत घंटांबद्दलच बोलत राहतात.

त्या रात्रीचा आणखी एक अंश अल्बमवर जपला गेला आहे. बेरी यांचा कार्यक्रम संपल्यावर आयोजक लोकांना बाहेर पडण्याची विनंती करत आहेत, कारण पिंक फ्लॉइडना मंच मोकळा हवा आहे, आणि लोक हलायला तयार नाहीत. ‘आम्हाला चक हवा’ अशा घोषणा ते देत आहेत. निर्मात्याने हा गोंधळ कापला नाही. त्या रात्री काय घडले याचा पुरावा त्यात आहे हे त्याला कळले असावे.

साडेअकराची सव्वाचार मिनिटे

रेडिओवर साडेअकरा मिनिटे कोणी वाजवत नाही. सिंगल म्हणून, म्हणजे एका मुख्य गाण्याची छोटी तबकडी म्हणून काढताना हे गाणे सुमारे सव्वाचार मिनिटांचे करण्यात आले. संकलकासमोरचा प्रश्न सोपा नव्हता. विनोद वाढत जाण्यासाठी वेळ लागतो. गर्दी लाजेकडून बेधडकपणाकडे जाते हा प्रवासच कापला, तर उरते ते १९५२ चे गाणे. दुसरीकडे बेरी यांचे लांबलचक बोलणे मैफलीत रंगते, पण तबकडीवर दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळवाणे होते. सिंगलवर त्यामुळे मधली समजावणी आणि उजळणी बरीचशी गेली, कडवी राहिली, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ध्रुवपदात गर्दीचा आवाज भरभरून राहिला. मागच्या बाजूला ‘जॉनी बी. गुड’ ची त्याच मैफलीतली आवृत्ती होती. बेरी यांची सर्वांत खपलेली तबकडी उलटी केली की त्यांची सर्वांत श्रेष्ठ रचना ऐकायला मिळे. किती जणांनी उलटली, हा भाग वेगळा.

मैफलीचे ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून गाजणे त्या काळी विरळाच होते. अशा ध्वनिमुद्रणात सामान्यतः टाळ्या सुरुवातीला आणि शेवटी असतात, मध्ये गायक असतो. इथे प्रमाण उलटे आहे. गायक सूचना देतो आणि सभागृह गाते. घरात एकट्याने ही तबकडी लावणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळते: आपल्या आधी शेकडो लोकांनी हे मोठ्याने म्हटलेले आहे, म्हणून आपणही म्हटले तर काही बिघडत नाही, ही परवानगी. स्टुडिओतल्या आधीच्या सर्व आवृत्त्यांमध्ये हीच एक गोष्ट नव्हती.

अमेरिकेतील स्वागत

सिंगल १९७२ च्या उन्हाळ्यात बाहेर आले. कंपनीने मोठा गाजावाजा केल्याचे दिसत नाही. गाणे उचलले ते रेडिओवरच्या निवेदकांनी. बॉस्टनच्या डब्ल्यूएमईएक्स केंद्रावरील जिम कॉनर्स यांनी ते सातत्याने लावले आणि इतर शहरांतील निवेदकांकडेही त्याची शिफारस केली; या कामगिरीबद्दल त्यांना सुवर्ण तबकडी देण्यात आली. अनेक केंद्रांनी गाणे वाजवण्यास नकार दिला. त्याने मागणी घटली नाही, कारण रेडिओवर मिळत नसलेले गाणे दुकानात मागणे हा तरुणांना आवडणारा उद्योग आहे. मायकल जॅक्सन यांचे ‘बेन’, उंदराशी जडलेल्या मैत्रीचे एक गोड गाणे, खाली उतरले आणि बेरी दोन आठवडे वर राहिले. त्यानंतर जॉनी नॅश यांचे ‘आय कॅन सी क्लिअर्ली नाऊ’ आले. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

काळही अनुकूल होता. १९६९ पासून जुन्या रॉक अँड रोलच्या पुनरुज्जीवनाचे मेळावे भरू लागले होते. १९७२ च्या फेब्रुवारीत जॉन लेनन यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर बेरी यांच्याबरोबर गाऊन त्यांच्याविषयीचा आदर जाहीरपणे दाखवला, आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरील रॉक अँड रोलच्या मोठ्या मैफलीत बेरी होते. साठच्या दशकाच्या शेवटी रॉक संगीत स्वतःला फारच गंभीरपणे घेऊ लागले होते. अल्बमची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना आणि गूढ शब्द यांचे ते दिवस. अशा वेळी संगीताचा एक आद्य पुरुष येतो आणि लोकांना शाळेतले चावट गाणे म्हणायला लावतो, यात सुटकेचा भाग मोठा असणार.

व्हाइटहाउस बाई आणि बीबीसी

ब्रिटनमध्ये गाणे २५ नोव्हेंबर १९७२ ला पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथे राहिले. तेथील क्रमवारी केवळ दुकानांतील विक्रीवर ठरत असे, रेडिओवरील वाजवण्याचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. पण बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात पहिल्या क्रमांकाचे गाणे दाखवण्याची प्रथा होती, आणि हा कार्यक्रम संध्याकाळी, घरातील सगळे एकत्र बसलेले असताना लागत असे. त्यामुळे वाद अटळ होता.

तो उपस्थित केला मेरी व्हाइटहाउस यांनी. पेशाने शिक्षिका असलेल्या या बाईंनी १९६४ पासून दूरचित्रवाणी स्वच्छ करण्याची मोहीम चालवली होती आणि १९६५ मध्ये प्रेक्षक-श्रोत्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली होती. त्यांनी बीबीसीच्या महासंचालकांना लिहिलेल्या पत्रात एका शिक्षिकेचा अनुभव सांगितला: वर्गात शिरल्यावर लहान मुलगे विजारींची बटणे सोडून हे गाणे म्हणत आहेत आणि त्याचा अश्लील अर्थ कृतीने दाखवत आहेत, असे तिला दिसले. अशा वर्तनाला उत्तेजन देणाऱ्या गाण्यांचे वाहन होणे हे बीबीसीचे काम नाही, असा त्यांचा मुद्दा होता. व्हाइटहाउस यांची थट्टा करणे तेव्हाही सोपे होते आणि आजही सोपे आहे. तरीही या एका बाबतीत गाणे नेमके काय करते हे त्यांना समीक्षकांपेक्षा जास्त कळले होते. गाणे ऐकणाऱ्याला भाग घ्यायला लावते, आणि मुलांनी तेच केले. मतभेद एवढाच राहतो की सात-आठ वर्षांच्या मुलांना हा विनोद शिकवण्यासाठी चक बेरी यांची गरज होती का. शाळेच्या मैदानाची थोडी आठवण असलेला कोणीही त्याचे उत्तर देऊ शकेल.

महासंचालक चार्ल्स करन यांनी गाणे थांबवण्यास नकार दिला. त्यांचे उत्तर सरकारी पत्रव्यवहाराच्या थाटाचे आहे आणि म्हणूनच मजेदार आहे. गाण्याच्या सुरुवातीलाच खेळण्याचे, त्याच्या घंटांसह, स्पष्ट वर्णन आले आहे. दुसरा अर्थ निघू शकतो याची संस्थेला कल्पना होती. परंतु ही सूचकता फार तर समुद्रकिनाऱ्यावरील चावट पोस्टकार्डांच्या किंवा म्युझिक हॉलच्या (जुन्या ब्रिटिश करमणूकगृहांच्या) विनोदाच्या पातळीची आहे, असा त्यांचा आशय होता.

हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात उल्लेखलेल्या दोन्ही गोष्टींना ब्रिटिश व्यवस्थेने पूर्वी मुळीच हलके मानले नव्हते. किनाऱ्यावरील पोस्टकार्डांचे चित्रकार डोनाल्ड मॅकगिल यांच्यावर १९५४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालून त्यांना दंड झाला होता. म्युझिक हॉल परंपरेतील जॉर्ज फॉर्मबी यांचे, ब्लॅकपूलच्या कांडीच्या मिठाईवरचे १९३७ चे गाणे खुद्द बीबीसीने बंद ठेवले होते, आणि त्याचा श्लेष बेरी यांच्या श्लेषाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. म्हणजे एके काळी बंदीस कारण ठरलेली गोष्टच पस्तीस वर्षांनी बचावाचे कारण झाली. दरम्यान तो विनोद जुना झाला होता, राष्ट्रीय ठेव्याचा भाग झाला होता, आणि म्हणून निरुपद्रवी ठरला होता.

याच आठवड्यांमध्ये बीबीसीने दुसऱ्या एका गाण्यावर बंदी घातली, ही गोष्ट या प्रकरणाच्या अभ्यासात सहसा बाजूला राहते. पॉल मॅकार्टनी यांच्या विंग्ज या बँडचे ‘हाय, हाय, हाय’ डिसेंबर १९७२ च्या सुरुवातीला निघाले आणि लैंगिक सूचकता व अमली पदार्थांचा संशय यांमुळे ते प्रक्षेपणातून वगळले गेले. दोन्ही गाणी एकाच संस्थेने, एकाच मोसमात तपासली. एकात तरुण गायक शरीरसंबंधाविषयी गंभीर उत्साहाने गात होता, दुसऱ्यात मध्यमवयीन माणूस लहान मुलाच्या आडून हसत होता आणि त्याच्यासोबत एक अख्खे सभागृह हसत होते. बीबीसीच्या अधिकाऱ्यांनी शब्द तपासले, असे ते म्हणाले असतील. माझ्या मते त्यांनी हशा ऐकला. ज्या गोष्टीवर भर सभेत स्त्रिया आणि पुरुष मिळून हसत आहेत ती कामोत्तेजक असू शकत नाही, हे कोणालाही कळते, आणि ध्वनिमुद्रणातली गर्दी ही अशा रीतीने गाण्याची साक्षीदारही ठरली.

चाहते, समीक्षक आणि श्रेय

सर्वाधिक नाराजी ज्यांचे बेरी यांच्यावर प्रेम होते त्यांच्यात दिसली. त्यांच्या दृष्टीने ही तबकडी म्हणजे एका कवीला विदूषकाच्या पोशाखात मिळालेला सत्कार होता. ही भावना पुढे आणखी पक्की झाली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत मानवजातीच्या संगीताचा नमुना म्हणून ‘जॉनी बी. गुड’ घेतले गेले, १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत बेरी यांचा समावेश झाला, आणि या प्रत्येक वेळी त्यांच्या नावापुढचे एकमेव अव्वल गाणे अवघडलेपणाने उल्लेखावे लागले. मार्च २०१७ मध्ये बेरी वारले तेव्हाच्या मृत्युलेखांतही हा विरोधाभास होताच.

या नाराजीत बेरी यांचा स्वतःचा एक गुण विसरला जातो. त्यांची उत्तम गाणीही विनोदी आहेत. शब्द जुळवण्यातली चलाखी, अतिशयोक्ती, फजितीचा आनंद हे त्यांच्या लेखनात पहिल्यापासून आहे. मोटारीचा पट्टा अडकल्यामुळे प्रेमाचा बेत फसलेल्या प्रियकराचे ‘नो पर्टिक्युलर प्लेस टू गो’ हे १९६४ चे गाणे त्याच जातीचे आहे, आणि ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेलेही होते. फरक कारागिरीचा आहे. तिथला विनोद लेखकाचा आहे, इथला नटाचा. ‘माय डिंग-अ-लिंग’ मध्ये बेरी यांनी जे केले ते लिहिण्याचे काम नव्हतेच, ते सभा हाताळण्याचे होते, आणि त्या कामाला रॉक समीक्षेत फारशी प्रतिष्ठा नाही.

मग लेखक म्हणून नाव कोणाचे? तबकडीवर ते बेरी यांचे छापलेले आहे, आणि या प्रकरणातील खरी अडचणीची जागा हीच आहे. याच माणसाच्या पहिल्या यशात, ‘मेबेलीन’ मध्ये, रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड आणि रस फ्राटो या दोघांची नावे सहलेखक म्हणून घुसवली गेली होती आणि ती काढून टाकायला १९८६ उजाडावे लागले. बीच बॉइज यांच्या ‘सर्फिन यूएसए’ ची चाल ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ ची असल्याने तिचेही श्रेय त्यांना मागाहून मिळवावे लागले. श्रेय हिरावले जाणे म्हणजे काय हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्याच्या सर्वांत मोठ्या यशावर बार्थोलोम्यू यांचे नाव नव्हते. मंचावर फिरताना गाण्यात पुष्कळ भर पडली हे खरे; शेवटचे कडवे आणि गर्दीचा खेळ यांनी ते नवेच झाले हेही खरे. पण आजी, घंटा, दोरी आणि ध्रुवपद १९५२ चे होते, आणि ते कितीही घडवले तरी मूळ लेखकाला वगळण्याचे कारण होत नाही.

पुढचे गाणे

चेस कंपनीने यशाचे सूत्र ओळखले असे तिला वाटले. पुढचे सिंगल त्याच कॉव्हेंट्रीच्या मैफलीतून घेतले: १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रीलिन अँड रॉकिन’ ची नवी आवृत्ती, तिच्यातही बेरी यांनी नवी चावट कडवी घातलेली. गायक तोच, रात्र तीच, वात्रटपणा तर थोडा अधिकच. अमेरिकेत ते २७ व्या क्रमांकापर्यंत गेले, ब्रिटनमध्ये १८ व्या. अमेरिकेच्या पहिल्या चाळिसातील बेरी यांची ती शेवटची नोंद. यात गिटार आहे, ताल आहे, आणि संगीत म्हणून ते आधीच्या सिंगलपेक्षा कितीतरी सरस आहे. मात्र या गाण्यात लोकार्नोतले लोक नाचतात, टाळ्या वाजवतात, ओरडतात. त्यांना म्हणायला दिलेले काही नाही.